पोर झोपतं कुणापाशी?

बाई चष्मा काढायच्या, समोरच्या माणसाच्या कागदांवर पालथा ठेवायच्या आणि विचारायच्या, "ते राहू दे. पोर झोपतं कुणापाशी?"

नवरा-बायकोचं भांडण घेऊन आलेला माणूस गडबडायचा. सासू काय म्हणाली, दिरानं काय केलं, दागिने कुणी ठेवून घेतले, ही सगळी फिर्याद त्यानं घरून जुळवून आणलेली असायची. आणि ह्या बाईंनी तर कागद वाचायची वाटच बंद केलेली. उत्तर मिळेपर्यंत चष्मा डोळ्यांवर चढायचा नाही. मग कुणी सांगायचं, आईपाशी. कुणी सांगायचं, आजीपाशी. एखादा बाप डोकं खाजवून म्हणायचा, "ते बघायला लागंल." त्याला बाई म्हणायच्या, "मग बघून ये. केस कुठं पळून जात नाय."

तुम्ही कर्जतच्या कोर्टात कधी कामानिमित्त गेला असाल तर त्यांना पाहिलं असेलच. बुटक्या, रुंद बांध्याच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि उन्हानं विटून तपकिरी झालेला काळा कोट. गावात दुसऱ्याही महिला वकील होत्या, पण 'वकीलबाई' म्हटलं की ह्याच. मी नुसतं 'बाई' म्हणायचो. मी वयानं लहान, वकिलीतही लहान. पण आमचं नातं गुरुशिष्याचं नव्हतं. बहुतेक वेळा आम्ही एकमेकांच्या विरुद्ध उभे असायचो. हे मी लिहितोय ते त्यांच्या समोरच्या बाजूनं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फक्त खांदा दिसतो, समोरच्याचं तोंड दिसतं.

बाईंचा आवाज मोठा होता. वडील भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला, बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. "यंत्राच्या घरघरीत वाढलेय मी, हळू बोललं की आमच्याकडे कुणाला ऐकू जायचं नाही," असं त्या सांगायच्या. एकदा एक न्यायाधीश वैतागून म्हणाले, "बाई, मला ऐकू येतं." बाई म्हणाल्या, "तुम्हाला येतं हो साहेब. मागं माझा पक्षकार बसलाय, त्यानं काय करून ठेवलंय ते त्यालाही ऐकू जाऊ दे."

स्वतःच्या पक्षकारावर ओरडणारा वकील मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा त्या आपल्याच पक्षकाराला जिन्यात उभं करून झापत होत्या. मी बाजूनं निघालो तर मलाही थांबवलं. "वकीलसाहेब, माझ्यावाल्याला मी ओरडते, तुमच्यावाल्याला तुम्ही ओरडा. काम वाटून घेऊ. दुपारपर्यंत मिटेल." खरंच मिटलं.

त्यांची स्कूटर हा गावाचा चिंतेचा विषय होता. वळताना हात दाखवायच्या उजवीकडे आणि स्कूटर जायची डावीकडे. बाजारात त्या दिसल्या की भाजीवाल्या टोपल्या आत ओढायच्या. हे त्यांना ठाऊक होतं. "मी आल्यावर रस्ता मोठा होतो," असं त्या अभिमानानं सांगायच्या.

पण मला त्या खऱ्या कळल्या त्या रेवाच्या प्रकरणात.

निखिल माझ्याकडे आला तो मुंबईच्या एका मोठ्या वकिलांची चिठ्ठी घेऊन. इंग्लंडमध्ये इंजिनियर, तिथलाच नागरिक झालेला. बायको वैशाली खालापूर तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली. तिचा भाऊ शेलूला फ्लॅट घेऊन राहायचा. त्याच्या लग्नासाठी वैशाली पाच वर्षांच्या मुलीला, रेवाला, घेऊन आली आणि परतीच्या तारखेला विमानात बसलीच नाही. निखिल तिकडच्या कोर्टात गेला. कोर्टानं हुकूम दिला: मुलीला परत आणा.

आता ह्यातली मेख अशी, की तिकडचा हुकूम इकडं आपोआप चालत नाही. परदेशी नेलेली मुलं परत करायचा एक करार बऱ्याच देशांनी आपसात केलाय, त्यात आपला देश नाही. म्हणून बापाला इथल्या हायकोर्टात यावं लागतं, 'माझी मुलगी हजर करा' म्हणावं लागतं. आणि हायकोर्ट तो परदेशी हुकूम बाजूला ठेवून पहिल्यापासून एकच गोष्ट बघतं, की ह्या मुलीचं भलं कशात आहे.

निखिल वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगून टाकतो. माझ्या ऑफिसात बसला तेव्हा त्याच्या पिशवीत स्ट्रॉबेरीच्या वासाची टूथपेस्ट होती. "ती दुसऱ्या कशानं दात घासत नाही," असं म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

हायकोर्टानं पोलिसांना सांगितलं, मुलगी कुठं आहे ते बघा आणि पुढच्या तारखेला हजर करा. आम्ही गावात गेलो: मी, निखिल, एक फौजदार आणि एक महिला पोलीस. अंगणात वैशालीचे वडील, आप्पा, बसले होते. त्यांनी उठायचीही तसदी घेतली नाही.

"पोर नाय हिथं."

"कुठं आहे?" फौजदारांनी विचारलं.

"म्हायती नाय."

वैशाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. निखिलकडे बघत नव्हती. तिचा भाऊ मात्र त्याच्याकडे असा बघत होता की फौजदार दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. घर पाहिलं, गोठा पाहिला, माळा पाहिला. मुलीचे छोटे बूट दाराशी होते, मुलगी नव्हती.

तेवढ्यात ती स्कूटर आली. वैशालीनं बाईंना वकील केलं होतं हे मला माहीत होतं. मुलगी लपवलीय हे बाईंना माहीत नव्हतं. ते त्यांना माझ्यासमोर कळलं. त्यांनी आप्पांना आणि वैशालीला गोठ्याच्या बाजूला नेलं. बाजूला नेऊन काही उपयोग नव्हता, यंत्रात वाढलेला आवाज तो.

"आप्पा, कोणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

"बाई, एकदा पोर त्याच्या हातात गेली का परत नाय मिलायची. आमी अडाणी, पण येवढं कलतं आमाला."

"पोर द्या कोण म्हणतंय? दाखवा म्हणतेय मी. आज लपवलीत तर जज्जसाहेब उद्या तुमच्या लेकीचं तोंड बघणार नायत. आई चोर आणि बाप साव, आयतं होऊन जाईल. कुठंय पोर?"

मग वैशालीनं डोंगराकडे हात केला. वर ठाकर आदिवासींची वाडी होती. ह्यांच्या शेतावर वर्षानुवर्षं लावणीला येणारी ठमाबाई तिथं राहायची. रेवा तिच्याकडे होती.

फौजदार निघाले, तशा बाई आडव्या आल्या. "साहेब, वर्दी बघून पोर जन्मभर घाबरंल. मी आणते. ह्या वकीलसाहेबांना घेऊन जाते, म्हणजे मी तिला पळवली नाही ह्याला साक्षीदार झाला." आणि निखिलकडे वळून, ह्या वेळी शुद्ध मराठीत म्हणाल्या, "तुम्ही इथंच थांबा. मुलगी वरून खाली येईल ती स्वतःच्या पायांनी येईल. तिला धरायला जायचं नाही."

निखिल म्हणाला, "मी चार महिने तिला पाहिलेलं नाही."

"तिनंही तुम्हाला पाहिलेलं नाही. तिचे चार महिने तुमच्यापेक्षा लांब आहेत."

चढ उभा होता आणि बाईंचे गुडघे दुखरे. दर वळणावर थांबायच्या आणि मला कारण म्हणून एखादं झाड दाखवायच्या. "हा कुडा. बघा, बघा नीट." मी बघायचो. दम लागला की पुन्हा एक कुडा.

रेवा ठमाबाईच्या झोपडीपुढं बकरीच्या करडाला पाला भरवत बसली होती. पायात काही नाही, केसांत चिक्कार धूळ. मला वाटलं होतं बाई तिला जवळ घेतील, समजावतील. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठमाबाईशेजारी जमिनीवर बसल्या, पाणी मागितलं, पायांचे तळवे चोळले आणि विचारलं, "झोपते कुणापाशी?"

"माज्यापाशी," ठमाबाई म्हणाली. "दुसऱ्या कोनापाशी नाय ऱ्हात."

"रडली का?"

"रडली ना. आदी आयच्या नावानं रडली. मंग बापाच्या."

तो बाईंच्या बाजूला घातक पुरावा होता आणि मी, समोरचा वकील, तिथं बसून तो ऐकत होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना? बरं झालं. आता दोघांनाही खोटं बोलायची सोय नाय."

मग रेवाच जवळ आली. तिचं मराठी अर्धं आजोळचं, अर्धं इंग्रजी चालीचं झालं होतं.

"तू पोलीस हाय?"

"नाय गं. मी भांडणारी बाई."

"कोणाशी भांडते?"

"आज ह्या काकांशी." मी कसंबसं हसलो. "तुझे पप्पा खाली आलेत. भेटायचं असेल तर चल, नसेल तर आपण करडू बघू."

रेवा करडाजवळ परत गेली. बाईही उठून करडाजवळ गेल्या. खाली फौजदार खोळंबले असतील म्हणून माझा जीव वरखाली होत होता; बाई मात्र करडाचं नाव काय ठेवावं ह्यावर गंभीरपणे बोलत होत्या. बऱ्याच वेळानं रेवानं त्यांचं बोट धरलं.

उतरताना बाईंनी मागं वळून ठमाबाईला हाक मारली, "तुला कोण काय बोललं तर माझं नाव सांग गं." तिच्यावर काही बालंट येऊ नये म्हणून फौजदारांशी पुढं त्याच बोलल्या.

अंगणात निखिल उभा होता. रेवा थोड्या अंतरावर थबकली. मला वाटतं तो क्षण त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांब असेल. तो हलला नाही, सांगितल्याप्रमाणे.

"तुझी दाढी कुठं गेली?" रेवानं विचारलं.

तो मटकन खाली बसला. ती जवळ गेली आणि त्याच्या गालावर हात फिरवून बघायला लागली, कुठं लपलीय का ते. वैशालीनं दारातल्या दारात तोंड फिरवलं. महिला पोलीस उगाचच मोबाइल बघायला लागली.

हायकोर्टात बाई स्वतः उभ्या राहिल्या. आमच्या बाजूला मुंबईचे नामांकित वकील, तीन-चार ज्युनियर, आणि बाजूला मी. बाईंबरोबर कुणी नव्हतं. तो विटका कोट. न्यायमूर्तींनी रेवाला आत बोलावून तिच्याशी गप्पा मारल्या आणि सुनावणी संपेपर्यंत बापाला रोज संध्याकाळी मुलीला भेटू द्यावं असं सांगितलं. पण कुठं? गावात भाऊ हाणामारी करेल, लॉजवर आई पाठवणार नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या घरी."

असं पक्षकाराचं भांडण कुणी घरी नेत नाही. आमच्या मोठ्या वकिलांनी ह्यात काही डाव आहे का म्हणून मला तिथं रोज हजर राहायला सांगितलं. म्हणून मी भिसेगावातल्या बाईंच्या ओटीवर रोज जाऊन बसायला लागलो. बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि शिकायला राहिलेली एक भाची.

पहिल्या दिवशी बाप-लेक समोरासमोर बसून नुसते एकमेकांकडे बघत होते. निखिल विचारायचा, "शाळा आठवते का? तुझी मैत्रीण एमा आठवते का?" रेवा मान हलवायची. बाईंनी आतून वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं. "सोला. रिकाम्या हातानं कुणाला नीट बोलता येत नाय." वैशाली आत स्वयंपाकघरात असायची. बाई मला म्हणाल्या, "आणि तुम्ही काय पाहुणे? चहा टाका." मी विरुद्ध बाजूचा वकील त्यांच्या गॅसवर चहा करायचो आणि वैशालीला कप द्यायचो. सुरुवातीला ती घ्यायची नाही. मग घ्यायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "साखर कमी घाला."

शेंगा सोलता सोलता रेवाचं तोंड सुटलं. करडाचं नाव, आप्पांचा बैल, विहिरीत पडलेली बादली. निखिल ऐकायचा. तो तिथं पहिल्यांदा शांत बसलेला मी पाहिला.

वैशालीनं घर का सोडलं हे मला त्या ओटीवर कळलं. त्यानं कधी हात उचलला नव्हता. पण घरखर्च त्याच्या हातात, तिची नोकरी त्याला नको, आणि काही बिनसलं की तो आठवडा-आठवडा बोलायचा नाही. बाहेर बर्फ, आत न बोलणारा माणूस. भावाच्या लग्नाला आली आणि अंगणात बायका मोठ्यानं बोलत होत्या, हसत होत्या. ते ऐकून आपल्याला परत जाता येणार नाही असं तिला वाटलं. इतकंच.

इतक्यावर केस उभी राहत नाही, असं तिच्या भावाला वाटायचं. त्यानं कुणाकडून तरी मारहाणीची, हुंड्याची लांबलचक तक्रार लिहून आणली आणि कर्जतच्या कोर्टात बाईंच्या टेबलावर ठेवली. मी शेजारच्या टेबलाशी होतो.

बाईंनी वाचलं. "मारलं त्यानं?"

"मारलं आसंल. तिकडं कोन बघाय गेलाय?"

"तिला विचारलंस?"

"बाई, तुमी आमच्या बाजूनं हाव का त्याच्या?"

"खोटं लिहून पोर मिळत नाय रं. आई खोटी ठरते, मग तिचं खरंपण कुणी ऐकत नाय. हे मी लावणार नाय."

"मग केस दुसऱ्याला देतो."

"दे. पण देणार तू नाय. ती देणार."

वैशाली बाकड्यावर बसली होती. दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. माहेर तिला ह्या भावानं दिलेलं. उद्या तो फिरला तर राहायचं कुठं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती हळू म्हणाली, "दादा, मला नाय मारलं त्यानं. जे नाय झालं ते मी कोर्टात कसं सांगू?" भाऊ ताडताड निघून गेला. बाईंनी वैशालीच्या पाठीवर हात ठेवला.

पण बाईंना वारं कळत होतं. मुलगी तिकडं जन्मलेली, तिकडं शाळेत जाणारी, कोर्टाचा हुकूम तिकडचा, आणि बाप तिच्यासाठी लॉजवर मुक्काम ठोकून बसलेला. न्यायमूर्तींच्या प्रश्नांचा कल सरळ होता. एका संध्याकाळी बाईंनी निखिललाच समोर बसवलं. "तुम्ही जिंकाल बहुतेक. मग काय करणार?"

तो म्हणाला, "रेवाला घरी नेणार."

"आणि ती पहिल्या दिवशी आई कुठंय म्हणेल, तेव्हा?"

"वैशालीनंही यावं. मी नको कुठं म्हटलंय?"

"तिचा पासपोर्ट तिकडं कुठं असायचा?"

"लॉकरमध्ये. सगळ्यांचेच असतात."

"किल्ली?"

रेवा शेंग सोलता सोलता म्हणाली, "किल्ली पप्पांच्या किचेनला असते. आईला नाही माहीत, मला माहितेय."

तिनं अगदी सहज, आपल्याला काहीतरी ठाऊक आहे ह्या आनंदात सांगितलं. निखिलच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाईंनी त्या घावावर दुसरा घाव घातला नाही. हळू म्हणाल्या. हो, त्यांना हळू बोलता येत होतं. "कोर्टाचा हुकूम विमानतळापर्यंत पोचवतो. पुढं रोज सकाळ तुमची तुम्हालाच काढायचीय."

दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "त्या बाईंना विचारा, वैशालीला परत यायला काय काय पाहिजे."

मग मी आणि बाई बसलो. वैशालीला आणि रेवाला वेगळं घर. तिचं स्वतःचं बँकेचं खातं आणि पायांवर उभी राहीपर्यंत खर्च. पासपोर्ट तिच्या हातात. पळवून नेल्याची तिकडची तक्रार मागं, विमानतळावर अटक नाही. तिकडचं कोर्ट दोघांचं ऐकून निर्णय देईपर्यंत मुलगी आईपाशी, बाप भेटणार. आणि दर उन्हाळ्यात मुलगी आजोळी. मुंबईचे मोठे वकील फोनवर म्हणाले, "जिंकत आलेल्या केसमध्ये एवढं द्यायचं कशाला?" मी सांगितलं, पक्षकाराचीच इच्छा आहे. हायकोर्टानं ह्या सगळ्या अटी हुकुमात घातल्या, निखिलकडून हमी घेतली, आणि मुलीला परत न्यायला परवानगी दिली.

कागदोपत्री बाई हरल्या. गावातही तसंच झालं. 'बाईनं पोर घालवली.' भावानं नाक्यावर उभं राहून सांगितलं, बाईला साहेबानं विकत घेतली. आप्पांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाई ह्यावर कुणाशी वाद घालायला गेल्या नाहीत. मला फक्त एकदा म्हणाल्या, "आप्पा माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत हो." आणि लगेच चष्मा पुसायला घेतला.

निघायच्या दिवशी आप्पा घरातून बाहेर आले नाहीत. गाडीत वैशाली, रेवा आणि बाई. मागच्या गाडीत मी आणि निखिल. रस्त्यात चौक गावी चहाला थांबलो तेव्हा वैशालीनं चहा तसाच ठेवला. "बाई, मला तिकडं कोण हाय?"

बाई म्हणाल्या, "गेल्या गेल्या बस शिक. कुठली बस कुठं जाते, परत कशी येते. रडायचं तर खुशाल रड, पण बसमध्ये बसून रड. घर मागं पडत जातं ना, रडं थांबतं."

वैशाली हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहत होतो.

गोष्ट इथं गोड संपली नाही. तिकडं पोचल्यावर कळलं, वेगळं घर अजून ठरलंच नव्हतं. निखिलनं दोघींना आपल्याच घरात वरच्या खोलीत उतरवलं होतं. 'थोडे दिवस' म्हणून. वैशालीनं बाईंना फोन केला. बाई भर कोर्टात माझ्या टेबलाशी आल्या. "तुमच्यावाल्यानं शब्द मोडलाय. तुम्ही ओरडता का मी ओरडू?"

मीच ओरडलो. जिन्यात उभं राहून, फोनवर, आयुष्यात कधी नाही इतक्या मोठ्यानं. कोर्टाला दिलेली हमी काय असते, ती मोडली तर मी स्वतः हायकोर्टात जाऊन सांगीन, सगळं बोललो. त्याच आठवड्यात घराची किल्ली वैशालीच्या हातात पडली. बाई म्हणाल्या, "आवाज चांगला लागतो तुमचा. उगाच दाबून ठेवलात."

पुढं तिकडच्या कोर्टानं रेवाला आईपाशी ठेवलं; शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी बापाची. वैशाली एका पाळणाघरात कामाला लागली. निखिल बदलला का? थोडा. तो आता बोलतो, असं वैशाली म्हणते. नवरा म्हणून नाही, पण रेवाचा बाप म्हणून बोलतो.

पहिल्या उन्हाळ्यात रेवा आली, कबूल केल्याप्रमाणे. आप्पा तिला घेऊन भिसेगावला आले, बरोबर तांदळाची गोण. ओटीवर चढेनात. बाई बाहेर आल्या, गोणीत हात घातला, तांदूळ तळव्यावर पसरला आणि म्हणाल्या, "खडे हायत आप्पा." आप्पा म्हणाले, "हायत तर निवडा. लय मोठ्या वकील हाव ना." आणि आत येऊन बसले. पाणी मागितलं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. आजार थोड्या दिवसांचा होता. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाईचं आणि तिच्या सुनेचं भांडण त्यांनी तिथंच मिटवलं, असं भाचीनं सांगितलं. बाई गेल्याची बातमी कळल्यावर मला इंग्लंडहून दोन फोन आले, वेगवेगळे, थोड्याच अंतरानं. दोघांनीही हेच विचारलं, शेवटी त्यांना त्रास झाला का. आणि दोघांनीही सांगितलं की रेवाला आम्ही मिळून सांगणार आहोत.

भाचीनं अग्नी दिला. उल्हास नदीच्या काठावरच्या त्या स्मशानात मी एवढी माणसं पूर्वी पाहिली नव्हती, आणि अशी तर कधीच नाही. बाया स्मशानात येत नाहीत आमच्याकडे; त्या दिवशी आल्या होत्या. बाईंनी सोडवलेली, मोडलेली, पुन्हा जोडलेली लग्नंच्या लग्नं तिथं जमली होती. चिंचेखाली बायका, पलीकडे कठड्याशी त्यांचे जुने नवरे, मध्ये मोकळी जागा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ऊन चढत होतं.

चिंचेखालून एक मुलगी उठली, दहावी-अकरावीतली असेल. मी तिला ओळखत नव्हतो. कुठल्या तरी जुन्या प्रकरणातली असणार. आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली तिनं घेतली, ती मोकळी जागा ओलांडली, कठड्याशी बसलेल्या बापाला दिली. तो प्यायला. ती बाटली घेऊन परत आली, आईला दिली. आई प्यायली. तिच्यामागून आणखी एक मुलगा उठला, मग आणखी दोघं. मुलं इकडून तिकडं जात होती, येत होती, आणि तिथल्या एकाही माणसानं कुणाचा हात धरून मागं ओढलं नाही.